एकाच ‘सी’ची दोन प्रथिने

ई. कोलाय जिवाणूच्या ‘एक्सडीएचसी’ या प्रथिनाबद्दल मी माझ्या जुन्या टिपणवहीत ‘हे मॉलिब्डेनम धातू असलेला सहघटक (एन्झाइमला कामासाठी लागणारा मदतनीस रेणू) एन्झाइममध्ये नेऊन बसवते’ असे बेधडक लिहून ठेवले होते. ते साफ चुकीचे असल्याचे परवा त्यातील सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले मोजताना लक्षात आले. दोन लोह आणि दोन गंधक अणूंचा एक समूह धरून ठेवायला चार सिस्टीन लागतात, आणि सुमारे १६० अमिनो आम्लांच्या या छोट्याशा साखळीत असे दोन समूह मावतील अशा बेताने ती बसलेली आहेत. एवढी सामग्री बाळगणारे प्रथिन निव्वळ पोचवण्याचे काम करत असेल, हे मनाला पटेना.

हे प्रथिन ज्या एन्झाइमचा भाग आहे ते झँथिन डीहायड्रोजनेज, म्हणजे ‘एक्सडीएच’; ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही त्यापुढची अक्षरे. ते हायपोझँथिनचे झँथिन आणि झँथिनचे युरिक आम्ल करते, आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजनचा अणू हवेतून नव्हे तर पाण्यातून घेते. (माणसातील याच एन्झाइमला गाऊटवरचे औषध ॲलोप्युरिनॉल अडवते.) मॉलिब्डेनमपाशी सुटलेले दोन इलेक्ट्रॉन एकेक करून लोह-गंधक समूहांमधून एफएडी या दुसऱ्या सहघटकापर्यंत पोचतात आणि तिथून एनएडी या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूला मिळतात, म्हणजे आपले ‘सी’ ही या प्रवासातील मधली वाट आहे.

माणसात हे सारे १३३३ अमिनो आम्लांच्या एकाच साखळीत सामावलेले असते. ई. कोलायमध्ये मात्र तीन जनुकांची वाटणी आहे: ‘ए’कडे मॉलिब्डेनम, ‘बी’कडे एफएडी, ‘सी’कडे लोह-गंधक. ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटस या जिवाणूत लोह-गंधक आणि एफएडी दोन्ही ‘ए’मध्ये, मॉलिब्डेनम ‘बी’मध्ये, आणि ‘सी’ तयार एन्झाइमचा भागच नाही. ते मॉलिब्डेनम सहघटक ‘बी’च्या हवाली करून बाजूला होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या एन्झाइमच्या त्रिमितीय रचनेतही ‘ए’ आणि ‘बी’ यांच्याच जोड्या दिसतात. मी वाचले होते ते या ‘सी’बद्दल, आणि चिकटवले त्या ‘सी’ला.

ई. कोलायच्या या जनुकाचे आधीचे नाव ‘वायजीईयू’ होते. ते कानाला रुक्ष असले तरी कामाविषयी कसलाही दावा करत नव्हते, म्हणून मला ते अधिक प्रामाणिक वाटते. टिपण दुरुस्त करताना मी ते कंसात पुन्हा लिहिले आहे, आणि दोन्ही ‘सी’पुढे जिवाणूचे नाव जोडले आहे.