दुधाचा खाडा, पाळीचा खाडा

18 ऑक्टोबर, रात्री

आज जागतिक रजोनिवृत्ती दिन. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईतल्या बाईला घामाची आठवण करून द्यायची म्हणजे कमालच. बाहेरची गरमी कुठली आणि आतली कुठली, हेच इथे कळत नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडायची सवय आपल्याकडे जुनी. महिनाअखेर दूधवाल्याशी वाद नको म्हणून. पाळीचा खाडा मात्र डोक्यात ठेवायचा, आणि डॉक्टरांनी ‘शेवटची कधी आली?’ विचारलं की ‘गणपतीच्या आधी... नाही, नंतर’ अशी सुरुवात. भारतात पाळी जायचं सरासरी वय 46-47च्या आसपास. त्याआधीची चार-पाच, कुणाची सात-आठ वर्षं डळमळीत जातात. या काळात सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांकडे मत असतं. आपल्याकडे निदान हिशेब असावा.

मांडायचा असा. नीट रक्त सुरू झालं त्या तारखेवर टिंब. अंतर मोजायचं ते या टिंबापासून पुढच्या टिंबापर्यंत. बऱ्याच जणी पाळी संपल्यापासून मोजतात, तिथेच पाच दिवसांची चूक होते. एकामागोमागच्या दोन चक्रांत सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडायला लागला, म्हणजे 26 दिवस, मग 35, मग 27, की बदल सुरू झालाय असं धरावं. साठ दिवसांचा खाडा पडला की पुढचा टप्पा, तो साधारण एक ते तीन वर्षांचा. सलग बारा महिने काहीच नाही, तेव्हाच पाळी गेली म्हणायचं. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा एकपासून, सापशिडीत अठ्ठ्याण्णववरचा साप गिळतो तशी. आणि हो, दिवस लांबले म्हणून गर्भनिरोधन सोडायचं नाही: पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष.

टिंबाखाली दिवसाला किती पॅड लागले तो आकडा. हा आकडा फार कामाचा. या वयात कधी कधी बीज सुटतच नाही, मग प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, गर्भपिशवीचं अस्तर महिना-दोन महिने नुसतं जाड होत राहतं आणि एकदम कोसळतं. म्हणून दोन महिन्यांच्या खाड्यानंतरची पाळी नळ सोडल्यासारखी येते. थोडंफार समजू शकतं. पण तासाला एक पॅड भिजतंय आणि सलग दोन-तीन तास तसंच चाललंय, गुठळी दहाच्या नाण्याहून मोठी आहे, किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसतंय, तर ‘या वयात अंगावर जातंच’ हे वाक्य कुणीही म्हटलं तरी ऐकायचं नाही. बारा महिने उलटल्यावर दिसलेला एक डागसुद्धा दाखवायचाच. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण ते तपासून ठरवायचं असतं.

‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर कॅलेंडर पुढे ठेवून विचारावं: सोनोग्राफीत काय दिसलं? अस्तराचा तुकडा तपासायचा का? हिमोग्लोबिन किती? गोळ्या किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची कॉइल चालणार नसेल, तर का? कधी पिशवी काढणंच योग्य असतं. न विचारता काढणं योग्य नसतं. थायरॉइडही तपासून घ्यावा, त्याची लक्षणं यात बेमालूम मिसळतात. पंचेचाळिशीनंतर एफएसएच या हार्मोनच्या रक्ततपासणीसाठी पैसे घालवायची सहसा गरज नाही; तो आकडा आज वर, पुढच्या महिन्यात खाली.

आता अंगातून येणाऱ्या गरम वाफा. इस्ट्रोजेन हे हार्मोन वर-खाली झालं की मेंदूतलं तापमानाचं बटण हळवं होतं. अर्धा अंश वाढलं तरी त्याला वाटतं, बाई तापली. मग छाती-मानेकडे रक्त धावतं, घाम फुटतो, दोन-चार मिनिटांत ओसरतं आणि मागून थंडी वाजते. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून चिकचिक जास्त वेळ छळते. लेडीज डब्यात पंख्याखालची जागा, पर्समध्ये सुती रुमाल, सिंथेटिकऐवजी सुती कुर्ता; रात्री उशाशी दुसरा गाऊन, आणि नवऱ्यापेक्षा वेगळी, पातळ चादर. चहा सोडा, तिखट सोडा असं सरसकट सांगतात. त्यापेक्षा दोन आठवडे वाफेची वेळ आणि आधीच्या तासात काय खाल्लं-प्यायलं ते लिहावं. संध्याकाळच्या चहाचा संबंध दिसला तर तो सोडावा; नाही दिसला तर खुशाल प्यावा.

झोपच उडाली असेल तर निमूट सोसत बसू नये. हार्मोनच्या उपचारांची धास्ती 2002 मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासापासून बसली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केलं तर बऱ्याच जणींना फायदा तोट्यापेक्षा जास्त. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय किंवा रक्ताची गाठ झालीय, तर हार्मोनशिवायची औषधं विचारावीत.

योनीत जळजळ, कोरडेपणा, सारखी लघवी: याबद्दल कुणी बोलत नाही, आणि हे आपोआप जातही नाही. आतून साबण लावला की वाढतं. जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम डॉक्टर देतात, ते लाजून मागायचं राहू नये.

हाडांसाठी नाचणी: 100 ग्रॅम पिठात साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, गरज दिवसाला 1000 ते 1200. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायची नाही, आणि लोहाची चहासोबत तर नाहीच.

एक शेवटचा रकाना, बारीक अक्षरात. तिथे विशेषण लिहायचं नाही. ‘मी चिडकी झालेय’ असं नको; ‘पोळी करपली, ओरडले; रात्री झोप 4 तास’ असं. महिन्याभराने वाचलं की ओरडण्याच्या तारखा आणि न झोपल्याच्या तारखा शेजारी-शेजारी दिसतात.

दिवाळीच्या सुमाराला नवं कालनिर्णय घरात येईल. जुनं रद्दीत घालण्याआधी शेवटच्या टिंबाची तारीख नव्याच्या जानेवारीच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात पेनाने उतरवून घ्यावी.