चिंचोलीत लांडोर बघताना

पहाटे साडेचारला कोथरूडहून निघाले. शिक्रापूरला नगर रस्ता सोडून पाबळच्या बाजूला वळलं, की गाड्यांचा आवाज मागे पडतो. मोराची चिंचोली शिरूर तालुक्यात. गावच्या नावातच चिंच आणि मोर. ज्यांच्याकडे उतरले त्या काकूंनी चहा देताना बजावलं, "ताई, मोर हुडकत बसू नका. लांडोरीवर नजर ठेवा. तिच्यामागं मोर आपसूक येतोय."

मी कप हातात तसाच धरून राहिले. नेमकी हीच गोष्ट पटायला उत्क्रांतीच्या अभ्यासकांना शंभर वर्षं लागली होती.

१ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस, दोघांचे लेख वाचले गेले. जगायला उपयोगी पडणारा फरक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, साठत जातो, हा त्यांचा गाभा. मग पिसारा कसा टिकला? चार-पाच फुटांचं ओझं, तेही शिकाऱ्याच्या नजरेत भरणारं! एप्रिल १८६० मध्ये एसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला डार्विननं लिहिलं, की मोराचं पीस बघितलं की मला मळमळतं. १८७१ च्या ग्रंथात त्यानं उत्तर सविस्तर मांडलं: लांडोर निवडते, म्हणून पिसारा वाढतो. वॉलेसला हे रुचलं नाही. पक्ष्याच्या मादीला कसली आलीय सौंदर्यदृष्टी, असा त्याचा सूर. लांडोर मळकट का, तर अंड्यांवर बसताना दिसू नये म्हणून, हे त्याचं म्हणणं मात्र मला पटतं.

बांधावर बसले होते. चिंचेवरून केका ऐकू आली, आणि तीन लांडोरी बाजरीच्या कडेनं दाणे टिपत आल्या. मोर खरंच मागोमाग. त्यानं पिसारा उभारला. (पिसारा म्हणजे शेपूट नव्हे; खरी शेपटी त्यामागे आखूड, वीस पिसांची, टेकू देणारी.) मग सळसळ सुरू झाली. सेकंदाला पंचवीसेक वेळा पिसं थरथरतात, तरी त्यांवरचे डोळे जवळजवळ जागच्या जागी दिसतात. हे वाचलेलं होतं. पण दहा पावलांवरून ती सळसळ ऐकताना अंगावर काटा आला.

मेरियन पेट्री यांनी इंग्लंडमध्ये मोरांच्या पिसाऱ्यावरचे डोळे मोजले. १९९१ साली त्यांनी दाखवलं, की जास्त डोळेवाल्या मोराला जास्त लांडोरी मिळतात. पुढे काही डोळे कापून पाहिले, तर त्या मोरांचं नशीब फिरलं. वाटलं, डार्विन जिंकला. पण जपानमध्ये मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी सात वर्षं नोंदी ठेवल्या आणि २००८ साली लिहिलं, की आम्हाला असा संबंध दिसत नाही. मला या शास्त्राबद्दल प्रेम वाटतं ते यासाठी. इतक्या थोर माणसाचं म्हणणंही कुणीतरी पुन्हा शेतात बसून, पिसं मोजून तपासतं.

इथे तिघींपैकी दोघींनी मान वर केलीच नाही. तिसरी थांबली, मोराभोवती अर्धी फेरी मारली आणि बाजरीत शिरली. मोर बराच वेळ त्या दिशेला तोंड करून थरथरत होता. ऊन वर आल्यावर त्यानं पिसारा मिटला, आणि काकूंनी न्याहारीला हाक मारली.