सफरचंदं आणि पातेलं

2025 च्या मे महिन्यात आईचा पुण्याहून फोन आला. "मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायची बंद केली. आणि तू त्या लोकांत राहतेस!"

ऑपरेशन सिंदूरच्या वेळी इथलं, म्हणजे तुर्कीचं, सरकार उघडपणे पाकिस्तानच्या बाजूनं उभं राहिलं. पाकिस्ताननं सोडलेले ड्रोन तुर्की बनावटीचे होते, असं आपल्याकडून सांगितलं गेलं. राग मलाही आला, अजून गेलेला नाही. सफरचंदं घेऊ नका, माझं काहीच म्हणणं नाही. पण आई 'ते लोक' म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांसमोर खालच्या मजल्यावरच्या तेय्झेंचं पातेलं आलं.

तेय्झे म्हणजे मावशी. सत्तरीच्या आहेत, इस्तंबूलच्या कादिक्यॉय भागातल्या आमच्या इमारतीत एकट्या राहतात. रविवारी रात्री आम्ही दोघी माझ्या लॅपटॉपवर सिनेमा बघतो. सुरुवात राज कपूरच्या 'आवारा'नं झाली. पन्नाशीच्या दशकात इथे तो तुफान चालला होता. तेय्झेंच्या आई स्वयंपाक करताना 'आवारा हूँ' गुणगुणायच्या, तेय्झे अजून 'आवारामू' म्हणतात.

त्याच वर्षी 23 मार्चला रविवारच होता. रमजान चालू होता, इफ्तार उरकून त्या वर आल्या. इस्तंबूलचे विरोधी पक्षाचे महापौर इमामोउलू यांना 19 तारखेला पहाटे घरातून ताब्यात घेतलं होतं. आदल्याच दिवशी विद्यापीठानं त्यांची पदवी रद्द केली होती, आणि पदवी नसेल तर इथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही. रविवारी त्यांना सिलिव्रीच्या तुरुंगात धाडलं. 2019 मध्ये हाच माणूस जेमतेम 13 हजार मतांनी जिंकला होता. ती निवडणूक रद्द करून पुन्हा घेतली, तर लोकांनी त्याला 8 लाखांच्या फरकानं निवडून दिलं.

आम्ही यिल्माझ ग्युनेचा 'योल' हा तुर्की सिनेमा लावला होता. ग्युनेनं तुरुंगात बसून पटकथा लिहिली आणि दिग्दर्शन शेरिफ ग्योरेननं केलं. 1982 मध्ये कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला, पण स्वतःच्या देशात तो दिसायला 1999 उजाडलं. "माझी चाळिशी उलटली तेव्हा बघायला मिळाला," तेय्झे सांगत होत्या. तेवढ्यात समोरच्या इमारतीतून ठण ठण सुरू झालं. महापौरांच्या अटकेचा निषेध म्हणून लोक भांडी वाजवत होते.

त्यांनी सिनेमा थांबवायला सांगितलं आणि तशाच जिना उतरून गेल्या. मी खिडकीतून वाकून पाहिलं. तळ काळा पडलेलं, एक कान तुटलेलं पातेलं त्यांनी पोटाशी धरलं होतं आणि लाकडी डावानं त्या ते बडवत होत्या. तोंडानं एक शब्द नाही. गल्लीतल्या खिडक्यांमधले दिवे लागत-विझत होते. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. मला 22 मार्च 2020 ची आपल्या सोसायटीतली थाळी आठवली. पण ती आपण डॉक्टर-नर्सेससाठी वाजवली होती, ती वाजवताना कुणाचा हात थरथरत नव्हता. तेय्झे परत आल्या तेव्हा त्यांचा उजवा अंगठा सोलवटला होता.

मी काही वाजवलं नाही. साराचहानेला महापालिकेसमोर रोज रात्री प्रचंड गर्दी जमत होती, ऑफिसातली पोरं जात होती, मी गेले नाही. माझा इथला मुक्काम राहण्याच्या परवान्यावर आहे. परक्या बाईनं दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पडू नये, असं मला वाटतं. खरं सांगायचं तर भीतीही वाटते.

तेय्झेंना मी आणीबाणीबद्दल सांगितलं. 1975 ला कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत सरकारविरुद्ध कशा उभ्या राहिल्या, पुढे तुरुंगात कशा गेल्या, आणि 1977 ला लोकांनी ते सरकारच कसं घालवलं. सांगताना माझा ऊर भरून आला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तुमच्याकडे असं काही होत नाही?" मी चहा टाकायला उठले.

आईला फोनवर यातलं बरंच सांगितलं. शेवटी हेही सांगितलं, की ऑपरेशन सिंदूर सुरू झालं त्या 7 मेच्या सकाळी दार वाजलं, तर बोरेकची, म्हणजे इथल्या सारण भरलेल्या खारीची, ताटली घेऊन तेय्झे उभ्या होत्या. टीव्हीवर बातमी पाहून आल्या होत्या. पहिला प्रश्न एकच, "आई सुखरूप आहे ना?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचा अंगठा बरा झाला का गं?"