तीन टक्के का वाढवले नाहीत

“तीनच टक्के ना बाई? मग द्यायचे की वाढवून!”

हे मला नणंद म्हणाली आहे, स्टाफरूममधले दोघे-तिघे म्हणालेत, आणि शाळेत कंपासपेट्या वाटायला आलेले एक गृहस्थ तर माझ्याच वर्गातल्या बाकावर बसून म्हणाले. दर वेळी मी “अहो, तसं नसतं” एवढ्यावर सोडून दिलं. कसं असतं ते आता लिहिते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

प्रकरण थोडक्यात असं. मी पुण्यात खराडी-वाघोलीच्या बाजूला मनपाच्या शाळेत शिकवते. आमच्या आठवीतल्या एका मुलीला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता आलं नाही. अट सातवीत 55 टक्क्यांची. तिला होते 52.

योजनेविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, हे आधीच सांगते. 2008 पासून केंद्र सरकार ती चालवतंय. सरकारी, मनपा, झेडपी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये. परीक्षेत 90 प्रश्न बुद्धीचे आणि 90 अभ्यासाचे. गरिबाघरचं चांगलं डोकं हुडकायचं, हाच हेतू. फक्त बुद्धीचा पेपर हातात देण्याआधी सातवीचं गुणपत्रक बघतात.

आता हे 52 कुठून आले? ती लमाण्यांची, विजयपूरकडच्या तांड्यावरची. आईबाप सेंटरिंगच्या कामावर. साईट बदलली की घर बदलतं. सातवीत पहिल्या सत्राची संकलित चाचणी तिने दिलीच नाही, कारण तेव्हा सगळं बिऱ्हाड मोशीला होतं. घरी गोरमाटी, गावी कन्नड, साईटवर हिंदी, आणि शाळेत मराठी. आठवीतल्या तिच्या मराठीच्या पेपरवरही माझ्याच लाल शाईच्या रेघा आहेत आणि त्या चुकीच्या नाहीत.

आणखी एक गंमत ऐका, गंमतच म्हणते. एनएमएमएसला अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना 50 टक्के चालतात. लमाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत येतात, तेलंगणात जमातीत. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत, आणि विमुक्तांना इथे सवलत नाही. म्हणजे तिच्या बापाने सेंटरिंगच्या फळ्या विजयपुरातच ठोकल्या असत्या, तर पोरगी त्याच 52 टक्क्यांवर परीक्षेला बसली असती.

ती हुशार आहे हे मला कसं कळलं, हाही प्रश्न येतो, आणि त्यात जरा संशय असतो. अप्पा बळवंत चौकातून मी शिष्यवृत्तीचं बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक आणलं. त्यातली शब्द नसलेली पानं निवडली: मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद. सगळ्या वर्गाला झेरॉक्स वाटल्या. वाटण्याआधी डायरीत पाच नावं लिहून ठेवली होती, माझ्या मते वर येतील अशी. तिचं नाव त्यात नव्हतं. तिने पेपर लवकर दिला आणि खिडकीशी जाऊन बसली; मला वाटलं, सोडून दिला असेल. तिचं सगळं बरोबर होतं. घडीच्या कागदाचं उत्तर कसं काढलंस, विचारलं तर मराठीत सांगता येईना. तिने वहीचं पान टर्रकन फाडलं, घड्या घातल्या, पेनाने भोक पाडलं आणि उलगडून माझ्यापुढे धरलं.

फॉर्म भरायच्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. कामावर खाडा करून उत्पन्नाचा दाखला काढून आणला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न घालता. मी त्यांना तो आणायला सांगितला होता. गुणांची अट मला ठाऊक होती, तिचे गुण ठाऊक नव्हते. ती आमच्याकडे आठवीत आली, आणि आधीच्या शाळेचा दाखला त्याच आठवड्यात हातात पडला. हेडबाईंनी गुणपत्रक वाचलं, अट वाचून दाखवली. तिथे बसलेले एक सर (माणूस भला आहे, मुलांवर जीव आहे त्यांचा) हळूच म्हणाले, “त्या शाळेत ओळख आहे माझी. आकारिकचे, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामाचे, गुण वाढवून सुधारित गुणपत्रक मागवू. कोण बघतंय?”

मी नको म्हणाले.

वडील दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, पोरगी नापास झाली का?”

नाही, म्हटलं, परीक्षा अजून झालेलीच नाही.

“मग?”

या ‘मग’ला मी काही बोलू शकले नाही. दाखला परत दिला. तो जपून ठेवा, म्हटलं, नववीच्या अ‍ॅडमिशनला लागेल. ती बाजूला उभी राहून भिंतीवरचा शाळेचा नकाशा वाचत होती, किंवा वाचत असल्यासारखं करत होती.

का नको म्हणाले? पहिलं कारण म्हणजे भीती. नोकरी माझी आहे, घरात दोन हप्ते आहेत. तत्त्व नंतर आठवतं, आधी सस्पेन्शन आठवतं. ज्यांनी सरकारी कागदावर कधी सही केलेली नाही, ते लोक “कोण बघतंय” फार सहज म्हणतात.

पण भीती सगळं कारण नव्हे. त्या वर्गात 55च्या खाली ती एकटी नव्हती. बाकीच्यांचे का नाही वाढवायचे? कारण त्यांनी माझ्यासमोर कागद उलगडून दाखवला नव्हता. म्हणजे सरकारी अट काढून तिच्या जागी मी माझी आवड बसवणार. आणि माझी नजर काय लायकीची आहे, ते डायरीतल्या पाच नावांनी दाखवलंच होतं.

हे फक्त माझ्यापुरतं नाही. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील तीच मुलं हुशार मुलांच्या विशेष वर्गाच्या तपासणीला जात. 2005 मध्ये त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांना शब्दांवाचूनची चाचणी दिली. निवडीची पातळी खाली न आणता गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण बरंच वाढलं. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये हे आकडे मांडले. मंदीत पैसे आटल्यावर तो कार्यक्रम आकसला आणि जुनी तफावत परत आली. मुलं तीच, मास्तर तेच.

नोकरीला लागले तेव्हाची मी हे ऐकून घेणार नाही. ती म्हणायची, चाचण्या म्हणजे सदाशिव पेठेतल्या पोरांचे चोचले, खरं मूल वर्गात नजरेला नजर देऊन कळतं. आजही ती मला गप्प बसू देत नाही. “नजरेवर विश्वास नाही म्हणून नियमाला धरलंस,” ती म्हणते, “आणि नियमाची किंमत भरली कोणी? तू?” मी तिला सांगते की एकदा एक आकडा बदलला असता, तर पुढे शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर शंका घेतली गेली असती. ती म्हणते, हे तू त्या दारातल्या माणसाला का नाही सांगितलंस?

पुण्यात हुशार मुलांचा विषय निघाला की ज्ञान प्रबोधिनीचं नाव निघणारच. 1969 पासून तिथे बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला आहे, आणि प्रवेशाला बुद्धिमत्तेच्या चाचण्या असतात. “मग तिथे का नाही पाठवलं?” असंही विचारतात. पाचवीत प्रवेश घ्यायचा तर चौथीतच घरात कोणाला तरी ते ठाऊक असावं लागतं. चौथीत ही मुलगी कुठल्या साईटवर होती, ते तिलाही नक्की सांगता येत नाही.

ती सध्या नववीत आहे, दुसऱ्या शाळेत, पटावर तरी. हजेरीचं विचारू नका.

मी आता आकृत्यांची पानं सहावीतच वाटते, म्हणजे सातवीच्या गुणांसाठी हाताशी वर्ष राहतं. यंदा एक मुलगा सापडलाय, बाप गवंडी. इतिहासात काठावर. मी त्याला सांगितलं की हडप्पाच्या विटा 4:2:1 या प्रमाणात असायच्या. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे आडव्या दोन लावल्या की उभी एक. सांधा बरोबर बसतो.” मग ‘हडप्पा संस्कृतीतील घरांची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाला त्याने तेवढंच लिहिलं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईंनी शून्य दिलं, आणि नमुना उत्तराशी ताडून पाहिलं तर त्यांचंही बरोबरच होतं. म्हणून रोज मधल्या सुट्टीत मी त्याच्याकडून वैशिष्ट्ये पाठ करून घेते. विटांबद्दल लिहू नकोस, असं त्याला सांगितलंय. निदान सातवीचा निकाल लागेपर्यंत.