खुणेच्या वर

शनिवार, रात्री साडेदहा

पेंटरनं आज चौथ्यांदा विचारलं, "वहिनी, ही खूण ठेवायची का घालवायची?"

खूण म्हणजे २०१९ च्या ऑगस्टमधल्या पाण्याची. पूर ओसरला तेव्हा सोप्याच्या भिंतीवर तपकिरी रेघ उरली होती, तिच्यावरच ह्यांनी पेन्सिल फिरवली आणि शेजारी साल घातलं. इथं सांगलीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी तेव्हा ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. गावभागातली माणसं हे आकडे पोरांच्या मार्कांसारखे तोंडपाठ सांगतात. आमच्या घरापुरतं सांगायचं तर माझ्या खांद्याच्या वर चार बोटं. २०२१ ला परत आलं, पण कमरेएवढंच, आणि तोवर आम्ही शहाणे होऊन सगळं माळ्यावर चढवून बसलो होतो. त्यामुळे त्या पाण्याला आमच्या घरात काही मान नाही.

शेवटी सांगितलं, वीतभर पट्टी सोड आणि बाकीचं रंगव. तो म्हणाला, "फोटोत घाण दिसंल बघा." मी म्हटलं, दिसू दे.

घरातल्या जुन्या वस्तू या भिंतीवर मांडायच्या आणि त्यांचा फोटो काढायचा, हे खूळ लेकीचं. पुण्यात स्वतःचा फ्लॅट झाल्यापासून तिला आमच्या घरात "केवढं व्हिंटेज" दिसायला लागलंय. परवापर्यंत हीच बया माळ्यावर बघून म्हणायची, आई, ती अडगळ काढून टाक गं. आता रोज फोन. कंदील कुठं लावणार, बरण्या कशा मांडणार, भिंतीला कुठला रंग. मला हे आवडत नाही असं नाही. खरं सांगायचं तर भिंत रिकामी झाल्यापासून मीच रात्री तिच्यासमोर खुर्ची टाकून बसते.

पण दुकानात मुद्दाम जुनाट केलेल्या वस्तू मिळतात ना, पॉलिश पेपरनं कोपरे घासलेली स्टुलं, चकाकत्या कर्ण्याचे न वाजणारे ग्रामोफोन, ते बघून मला हसू येतं. आमच्या लाकडाचे कोपरे आमच्याच कमरेला लागून लागून झिजलेत.

आणि जुनं म्हणून मी काही जपलेलं नाही. पाण्यानंच निवडलं. घरात परत पाऊल टाकलं तेव्हा पायाखाली घोटाभर गाळ होता, आणि प्लायवूडचं शोकेस चहात बुडवलेल्या पावासारखं फुगलेलं. हप्त्यानं घेतलेलं, हप्ते संपून वर्षही झालं नव्हतं. गाद्या, मिक्सर, वह्या, सगळं दारात टाकलं. अख्ख्या गल्लीत दोन्ही बाजूंना असेच ढीग. आमचं सागवानी फडताळ मात्र स्वयंपाकघरातून तरंगत सोप्यात आलं होतं आणि दाराला आडवं होऊन पडलं होतं. चौघांनी धरून सरळ केलं, तर आत वरच्या फळीवर चिनीमातीच्या बरण्या. एक फुटली होती, दोन धड होत्या, आणि एकीतलं लिंबाचं लोणचं, दादरा घट्ट बांधलेला म्हणून, कोरडं! टाकून दिलं अर्थात. पण टाकताना जीव कळवळला.

सुतार म्हणाला होता, "उन्हात ठेवाल तर तडकंल. सावलीत वाळू द्या, घाई करू नका." दीड महिना ते पडवीत तोंड वासून उभं होतं. मग बिजागऱ्या बदलल्या, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हात दिले. खालच्या दोन फळ्यांचा रंग अजून वेगळा आहे. पाणी किती दिवस होतं ते लाकूड सांगतं.

रविवार

सकाळी कल्हईवाला आला. हल्ली वर्षातून एकदा येतो, म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायका पातेली घेऊन कोपऱ्यावर. मी दोन पितळी पातेली आणि एक परात नेली. लेक फोनवर म्हणाली, शोभेसाठीच ठेवायची तर कल्हई कशाला? आता हिला काय सांगायचं! शोभेची असली तरी कधीतरी आमटी करीनच की त्यात. आणि कल्हईशिवाय आमटी कळकते.

बघत उभी राहिले, लहानपणी राहायचे तशी. भाता, कोळसे, पातेलं लालसर होईस्तोवर तापवणं. मग नवसागराची चिमूट, भसकन पांढरा धूर, नाकाला झोंबणारा. लगेच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायचं. काळंभोर पातेलं दोन सेकंदांत आतून चांदीचं होतं आणि पाण्यात बुडवलं की चुर्रर्र. मला वाटतं जगात एवढ्या झटपट समाधान देणारी दुसरी गोष्ट नसेल. शेजारचा पोरगा मोबाईलवर शूटिंग करत होता. कल्हईवाल्यानं त्याला दोनदा "मागं हो" म्हणून दटावलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच केस नीट केले.

दुपारी मोडीच्या दुकानात गेले. हे माझं व्यसन. ह्यांना वाटतं मी वस्तू शोधायला जाते.

२००३ साली गिझर घेतला तेव्हा आईनं मला लग्नात दिलेला तांब्याचा बंब मी मोडीत घातला. माझ्या डोळ्यांदेखत काट्यावर चढवला. त्याची चिमणी आधी उपटून बाजूला टाकली, कारण ती पत्र्याची. तांब्याचा किलोचा भाव, गुणिले वजन, पैसे हातात. ते पैसे कशात गेले आठवत नाही. बंबाची तोटी उघडताना एका ठिकाणी बोट चटकन भाजायचं, ते आठवतं. तो केव्हाच भट्टीत वितळला असणार, हे कळतं मला. तरी दुकानात शिरले की नजर आधी तांब्यावरच.

पुरानंतरच्या दिवाळीत तर या दुकानांत उभं राहायला जागा नव्हती. घंगाळं, हंडे, कळशा, तस्तं, समया, देवाचे टाक सोडून सगळं. लोकांना पैसे हवे होते, आणि गाळात लोळलेली भांडी घासायला त्राण नव्हतं. कुणाला नावं ठेवायची?

आज एक पितळी डबा घेतला. झाकणाला कडी, बुडाला पोचा. घरी आणून चिंच-मिठानं घासला, वर पितांबरी, तेव्हा झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली: "चि. सौ. कां." मग नाव, आणि "हिस आत्याकडून". खाली १९६१. नाव इथं लिहीत नाही. लोणचं असेल, लाडू असतील, साठ वर्षं ती अक्षरं कुणाच्या तरी बोटांखालून गेली. मध्यभागी झिजलीत आणि कडेला ठसठशीत आहेत.

पूर्वी भांडं घेतलं की दुकानाच्या पायरीवरच नाव घालणारा बसलेला असायचा, बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन, अक्षरावर पैसे. म्हणून लोक "यांजकडून" सुद्धा तोडून तोडून लिहायचे. माझ्या लग्नातल्या निम्म्या भांड्यांवर मामांचं नाव आहे आणि त्यातला एक काना गायब आहे.

आता हा डबा भिंतीवरच्या फळीवर ठेवायचा तर नाव पुढं करू की मागं? पुढं केलं तर येणारा विचारणार, ही कोण तुमची? मागं केलं तर मलाच कसंतरी होणार. सध्या स्वयंपाकघरात शेंगदाणे भरून ठेवलाय. त्याला काम दिलं की तो प्रश्न पडत नाही.

सोमवार

खिळे. नुसते खिळे. जुन्या वाड्यात खुंट्या होत्या, कोनाडे होते, घरातलं काय कुठं राहणार ते घर बांधतानाच ठरलेलं. या भिंतीला ड्रिल लावलं की मूठभर रेती खाली. ह्यांनी सहा भोकं पाडली, चार बुजवली. आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार

मिरजेला जाऊन आले, तंबोरा घेऊन. सासूबाईंचा. लग्नाआधी शिकत होत्या, इथं आल्यावर वर्षभर वाजला म्हणे, मग खोळीत गेला. पुरात तो माळ्यावर होता, बुडाला नाही, पण आठवडाभर दमट हवेत राहून भोपळ्याचा सांधा सुटला.

सतारमेकर गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना भोपळे टांगलेले. पंढरपूरकडून येतात. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे. तलवारींचं गिऱ्हाईक आटलं तशी पिढीतली हुशार माणसं तंतुवाद्याकडं वळली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मी हे सगळं वाचून गेले होते आणि तिथल्या चाचांना ऐकवायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चहा घेणार?"

मग तंबोरा मांडीवर आडवा घेतला. बोटाच्या पेरानं भोपळा ठोकत ठोकत गेले, जसं कलिंगडवाला ठोकतो. एका जागी आवाज बसका आला. तिथं थांबले, परत ठोकलं.

"इथं मऊ झालाय. वाजवणार कुणी?"

मी गप्प. मला सा लागत नाही. लेकीला गाण्याची आवड नाही.

"भिंतीला लावायचाय," म्हटलं. लाज वाटली म्हणताना.

त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, लावा की. पण तारा चढवून ठेवू नका, ताणानं सांधा परत सुटतो. बाहेरच्या भिंतीला लावू नका, ओल असते. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा. भोपळा बदलायचा म्हटला तर बदलून देतो, दांडी चांगली तुनाच्या लाकडाची आहे, पण मग आवाज दुसरा होणार. सांधा चिकटवून द्यायला दोन दिवस लागतील.

निघताना त्यांनी तशाच सैल तारेवर बोट टेकवलं. नुसतीच घरघर. "बेसूर नाही," म्हणाले, "झोपलाय." हे ते सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणत असतील, तरी सांगलीपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात होतं.

गुरुवार, उशिरा

मांडून झालं, बरंचसं.

तंबोऱ्याला आतल्या भिंतीची जागा राखून ठेवली. प्रभाकर कंदील छताच्या हुकाला, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, काच मूळची. माझ्या सासऱ्यांनी त्याच्या उजेडात परीक्षा दिल्या, असं ते सांगायचे. दर वेळी परीक्षा वेगळी असायची. त्यात आता पिवळा दिवा सोडलाय विजेचा. माझ्याच तत्त्वात बसत नाही, पण छान दिसतो, काय करू.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा फोटो काचेला चिकटलाय पुरापासून. स्टुडिओवाला म्हणाला होता, आता वाळलाय तर ओढायला जाऊ नका, चेहरे काचेबरोबर येतील. म्हणून तसाच, काचेसकट नव्या चौकटीत. सासऱ्यांच्या फेट्यावर ढगासारखा डाग आहे. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यात तसंही ढगच असायचे."

सगळं खुणेच्या वर आलंय. मुद्दाम ठरवलं नव्हतं. ह्यांचा हात प्रत्येक खिळ्याला आपोआप तिथं गेला. त्यामुळे भिंतीचा खालचा भाग पूर्ण मोकळा आणि वर दाटी, लेकीच्या भाषेत "बॅलन्स गेलाय". फोटो पाठवला तर तिचं उत्तर: आई, थोडं खाली घे ना सगळं. ह्यांनी वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

राहिली मापं. पितळी, एकात एक बसणारी. पायली, तिच्यात अधोली, तिच्यात शेर, आणखी आत मापटं आणि चिपटं. १९५८ नंतर किलो-लिटर आलं, तरी आमच्याकडं तांदूळ मोजायला ही मापं पुढं कितीतरी वर्षं चालली. पाण्यानंतर ती अंगणात जाईच्या वेलाखाली सापडली, पाचही, गाळ भरून. मी ती पाच फळीवर उतरत्या क्रमानं मांडली. झकास दिसली.

संध्याकाळी बघते तर शेर जागेवर नाही. मधे दात पडल्यासारखं.

शेर उंबऱ्याशी होता. सासूबाईंनी आतून काठोकाठ तांदूळ भरले होते.

"आई, हे इथं कशाला?"

"माप रिकामं ठेवू नये. आणि हे उंबऱ्याशीच बरं. १९९३ ला तू हेच ओलांडून आत आलीस. विसरलीस?"

विसरले नव्हते. पण तो हाच शेर, हे मला बत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मला आठवत होतं ते एवढंच, की मी पाय जरा जोरात लावला, तांदूळ पार देवघरापर्यंत गेले आणि कुणीतरी म्हणालं, दणदणीत आहे सून.

"अहो पण आई, इतक्या खाली. पाणी आलं म्हणजे?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, जरा कीव केल्यासारख्या.

"आलं तर उचलू की गं."

आता झोपायच्या आधी दिवा मालवायला गेले, तर तांदळावर एक हळकुंड ठेवलेलं.