ल्युबेकात बसून कोल्हापूरचा व्हँपायर बनवताना

ऊन लागलं की व्हँपायर मरतो हे सगळ्यांना पाठ आहे, पण ड्रॅक्युलाच्या १८९७ च्या मूळ कादंबरीत असलं काही नाहीच, तिथं तो भरदिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी झालेली असते. उन्हानं मरायची भानगड आणली १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटानं, आणि त्यात व्हँपायरचं घर म्हणून दाखवलेली मिठाची जुनी गोदामं इथं उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकात नदीकाठी अजून उभी आहेत, मी ऑफिसला जाताना रोज बघतोय.

तर इथं शनिवारी आमचा एक ग्रुप टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो. घरच्यांसाठी सांगतो, यात सोंगट्या-पत्ते कायबी नसतंय, एक जण गेममास्टर होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर घेऊन बोलतात आणि जमलं का फसलं ते फासे ठरवतात. हेच मी कोल्हापूरच्या पोरांबरोबर व्हिडिओ कॉलवर चालू केलं, तर पहिलीच अट आली की व्हँपायर पाहिजे, पण आपल्या पेठेतला पाहिजे.

मग पॉवरची यादी आली: उडणं, गायब होणं, मनातलं ओळखणं, दहा पैलवानांची ताकद, आणि सगळं फुकट! माझं मत असं की व्हँपायरला काय येतंय यात मजा नाही, ते करताना त्याला काय मोजावं लागतंय त्यात आहे. 'व्हँपायर: द मास्करेड' हा गेम १९९१ पासून आहे, त्याच्या २०१८ च्या आवृत्तीतली रक्ताच्या भुकेची सिस्टीम मी सरळ उचलली. दहा बाजूंचे फासे, ६ किंवा वर आलं की यश. पॉवर वापरली की एक फासा वेगळा टाकायचा, ६ च्या खाली आला तर भूक एकानं वाढते, आणि जेवढी भूक तेवढे तुमचे साधे फासे काढून लाल फासे घ्यायचे. डाव फसला आणि लाल फाश्यावर १ आला की मग तुम्ही नाही, तुमच्या आतलं जनावर ठरवतंय पुढं काय करायचं.

हे पोरांना पटलं. खरा घोळ झाला आमंत्रणाचा. बोलावल्याशिवाय व्हँपायर घरात जाऊ शकत नाही हा नियम जर्मनीत एकदम फिट बसतो, इथं माणसंसुद्धा आठवडाभर आधी ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाहीत. पण शिवाजी पेठेत दारात सावली दिसायचा अवकाश, आतनं आवाज येतोय, "या की, भाईर का हुबारलाय!" म्हणजे नियम बाद. मग मी तो उलटा केला: आत कुठंही जा, बाहेर पडताना मात्र घरच्यांनी "बरं, या मग" म्हटलंच पाहिजे. पहिल्याच सेशनला एक गडी असा अडकला की बास, आजीनं लग्नाचा अल्बम काढलाय, ह्याचं चार वेळा "येतो" म्हणून झालंय, खिडकीतनं तांबडं फुटायला लागलंय, आणि आजी म्हणतीया, "आरं बस की, च्या टाकलाय." एवढा घाम त्याला कुठल्या मारामारीत फुटला नव्हता.

दुसऱ्यानं तालमीतला पैलवान केलाय. त्याच्या जखमा फक्त आखाड्याच्या लाल मातीत, त्या हळद-ताक-तेल घातलेल्या मातीत झोपलं तरच भरतात. (मायभूमीची माती ही आयडिया पण त्या कादंबरीतलीच, ड्रॅक्युला मातीच्या पेट्या घेऊन इंग्लंडला जातो.) ह्या पैलवानाला जर्मनीला आणायचा विचार होता, पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातनं माती आणायला बंदी आहे, भडंगाचं पाकीट येईल हो, पैलवान नाही येणार. शिवाय इथं डिसेंबरात चारच्या आत अंधार आणि जूनमध्ये पावणेदहानंतर सूर्य मावळतोय, म्हणजे रात्र साडेसोळा तासांवरनं सातावर येते, आपल्याकडं वर्षभर अकरा ते तेराच. म्हणून ल्युबेकच्या ग्रुपला महिन्याप्रमाणं कमी-जास्त चाली मिळतात, कोल्हापूरकरांना कायम सारख्या.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं रक्त चालतंय का असं एकानं विचारलं. चालतंय, पण भूक २ च्या खाली उतरत नाही. अंबाबाईचं देऊळ खेळात घ्यायचं नाही हे मात्र आधीच ठरलंय, त्यावर चर्चा नाही.

राहता राहिला लसूण. लसणापुढं व्हँपायर टिकत नाही हा पुस्तकी नियम लावला तर संध्याकाळी सातनंतर एकही व्हँपायर जगणार नाही, प्रत्येक बोळातनं तांबड्या रश्श्याचा वास येतोय. पांढऱ्यात खसखस असते आणि युरोपातल्या जुन्या समजुतीप्रमाणं सांडलेली खसखस दिसली की व्हँपायर ती मोजत बसतो, पण आपण ती वाटून घालतो म्हणून वाचला बिचारा. सध्या नियम असा ठेवलाय की लसणाच्या वासात पॉवर वापरली तर एक लाल फासा जास्त. पैलवान म्हणतोय हे अन्याय आहे, मग मटण खायचंच नाही का! पुढच्या शनिवारी आखाड महिन्यातल्या जेवणावळीचं सेशन आहे, त्यात बघू टिकतोय का.