डोंबिवली–नागपूर : जाताना विमान, येताना आतेभाऊ

मुंबई–नागपूर विमान दीड तासाचं, हे खरंच आहे. फक्त मी डोंबिवलीत राहतो. सव्वाआठच्या विमानासाठी पहाटे साडेचारला घर सोडलं, विमानात बसल्यावर धावपट्टीच्या रांगेत पाऊण तास गेला आणि आत्याच्या मानेवाड्याच्या दारात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. सात तास! विदर्भ एक्स्प्रेसला निदान आडवं तरी होता येतं.

लग्न छान झालं. सावजी दोनदा खाल्लं, पोट एकदाच बिघडलं.

परतीचं तिकीट काढणार तोच आतेभाऊ म्हणाला, "मी गाडीनंच चाललो ना ठाण्याला. काहून पैसे घालवतं?" अट एकच : त्याला झोप येऊ द्यायची नाही, मी बोलत राहायचं.

सहाला निघालो. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलो आणि मी जोरात सुरुवात केली. कोणी आहेर काय केला, कोण कोणाशी बोललं नाही. कारंज्यापर्यंत सगळे नातेवाईक संपले. मग शाळा, क्रिकेट, माझा सोसायटीतला पाण्याचा वाद. आत्यानं दिलेल्या थर्मासातला चहाही तोवर संपला. पुढे नुसता काँक्रीटचा पट्टा. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे हा रस्ता ७०१ किलोमीटरचा, आणि बराचसा पट्टी ठेवूनच आखल्यासारखा. दुचाकी नाही, रिक्षा नाही, आडवी येणारी म्हैस नाही. १२०ची मर्यादा, काटा तिथेच चिकटलेला. शिव्या घालायलाही कोणी नाही, मग माणूस जागा कशावर राहणार?

मेहकरची पाटी पाहिल्याचं आठवतं. नंतर एकदम दंडावर चापट बसली. "अबे, घोरतं काय!" काच उघडी, एसी बंद, आणि तो स्वतःच स्वतःशी मोठमोठ्यानं पाढे म्हणत होता. एकोणतीसचा. सिंदखेडराजा केव्हाच मागे पडलं होतं. जालन्याच्या आसपास थांबलो तेव्हा तो पाच मिनिटं तोंडावर पाणी मारत होता. मी गुपचूप दोन चहा आणले. दोन्ही त्यानंच प्यायले.

इगतपुरीनंतरच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यात मात्र मी टक्क जागा होतो. कसाऱ्याच्या घाटात ट्रकमागे घालवलेले तास आठवत होते, आणि हा बोगदा पाच-सहा मिनिटांत संपला. तीनला आमणे. तिथून डोंबिवली अगदी जवळ, विमानतळापेक्षा कितीतरी. पण भिवंडी-कल्याणनं आपला वाटा घेतलाच. घरी पोचायला पावणेपाच. इथे मात्र दोघांनाही झोप आली नाही.

बॅग काढून देताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी विमानानंच जा बाप्पा. पायलटच्या बाजूला जागता माणूस तरी बसते."